त्याला कुठे मराठी कळतंय!

अर्सलानला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या अम्मीच्या पिशवीचा वास घेत होता.

गुरुवारची दुपार. अल ऐनमधल्या माझ्या बिल्डिंगखाली पांढरी लँड क्रूझर, तिच्यामागे जोडलेली दुधी रंगाची कॅरॅव्हॅन, आणि कॅरॅव्हॅनच्या दारात हा उंच माणूस. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, दाढी कोरलेली, कपाळावर आठी. अम्मी-अब्बा शारजाहून, अल मजाजच्या घरून त्याच्याबरोबर आले होते. इथे मला घ्यायचं आणि मग चार दिवस दक्षिणेला, लिव्याच्या वाळवंटात फिरायचं असा बेत होता. दारावर इंग्रजी आणि अरबीत ठळक पाटी होती : आत मासे तळायला मनाई.

"ये क्या है, खाला?" त्याने विचारलं.

"अचार है, बेटा," अम्मी डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. पिशवीत सुके बोंबील होते.

त्याने पिशवी परत दिली. मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "चेहरा बघ कसा केलाय! सकाळी आरशात बघून स्वतःच दचकत असेल."

"हळू बोल गो, सुमैय्या."

"त्याला कुठे मराठी कळतंय!"

आता हे वाचून मला उद्धट म्हणू नका. इथे आम्ही सगळे असेच वागतो. हिंदी, उर्दू, मल्याळम... या देशात सगळ्यांना सगळं कळतं. मराठी मात्र आमची दार लावून घेतलेली खोली. लिफ्टमध्ये समोरच्याच्या नाकावर, सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या बाईच्या पर्सवर आम्ही खुशाल चर्चा करतो. अर्सलान अब्बांशी उर्दूत बोलत होता आणि फोनवर झरझर अरबीत. अम्मीने ठरवलं, पेशावरचा असणार. अब्बांनी ठरवलं, लेबनानी. कोकणातला माणूस दिसला की अब्बांचा पहिला प्रश्न असतो, 'कुठले? कुणाचे?' पण याला तो विचारावा असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ही सहल अब्बांची होती. चौतीस वर्षं शारजात एकाच कार्गो कंपनीत नोकरी झाली, आता रिटायर. महिनाअखेरीस व्हिसा संपणार आणि ते दोघं कायमचे गावी, बोर्ली पंचतनला जाणार. "चौतीस वर्षं वाळवंटात काढली आणि वाळवंट पाहिलंच नाही," एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, "गावी लोकांना काय सांगू, लिफ्ट पाहिली?" म्हणून मी ही कॅरॅव्हॅन बुक केली होती.

पण सहलीच्या पोटात दुसरी एक गोष्ट होती. रविवारी दुपारी चार वाजता केपटाऊनहून फोन येणार होता. तिथल्या आपल्या कोकणी लोकांतला मुलगा, फहद, डेंटिस्ट. दोन व्हिडिओ कॉल झाले होते. त्यांना आमचा होकार किंवा नकार हवा होता. अब्बांनी कधी जोर केला नाही, फक्त एकदा म्हणाले, "तू इथे एकटी आणि मी तिथे... मला झोप लागायची नाही, बेटा." मी अल ऐनच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय मोडलंय ते मला चटकन दिसतं. अब्बांचं दिसलं होतं.

म्हणजे होकारच द्यायचा होता. मी ठरवूनच गाडीत बसले.

पहिला मुक्काम अल कुआच्या पुढे, मोकळ्या रानात. ऊन कलत होतं. अर्सलान स्वतःसाठी तंबू ठोकत होता. मी आणि अम्मी खुर्च्या टाकून बसलो होतो.

"शर्टाची इस्त्री बघ," मी म्हटलं. "इथे बघणार कोण, उंट?"

"स्वच्छ राहतो बिचारा."

"डोळे मात्र बरे आहेत. अशा खडूस चेहऱ्यावर फुकट गेलेत."

ठक्! हातोडी खुंटीवर न पडता त्याच्या अंगठ्यावर पडली.

मी धावले. सवयच आहे. त्याचा हात हातात घेऊन अंगठा दाबून पाहिला. "हिलाकर दिखाइए... टूटा नहीं है।"

"आपको कैसे पता?"

"रोज़ पचास हड्डियाँ देखती हूँ।"

"और बाक़ी आदमी?" त्याने विचारलं, आणि कपाळावरची आठी गेली. आठी गेल्यावर चेहरा इतका वेगळा दिसेल असं वाटलं नव्हतं... त्याचा हात मी जरा उशिरा सोडला.

शुक्रवारी आम्ही लिव्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना नुसती वाळू, कुठे लालसर, कुठे फिकी, आणि मधून सरळ काळा रस्ता. अब्बांना पाय लांब करायला जागा हवी म्हणून ते पुढे, मी अम्मीशेजारी मागे. मी अम्मीला म्हटलं, "आत्ता कडक चहा मिळाला असता ना, वेलची घातलेला..." दहा मिनिटांत अर्सलानने एका कॅफेटेरियापाशी गाडी थांबवून हॉर्न दिला. चार करक चहा. वेलचीवाले.

दुपारी अब्बा माझ्याशी पुटपुटले की गुडघे धरलेत, नमाजाला खुर्ची असती तर बरं. वळून पाहतो तर सतरंजीवर खुर्ची मांडलेली, अगदी मक्केकडे, किब्ल्याच्या दिशेने. मी म्हणाले पाठीला ऊन लागतंय, तर खिडकीला पडदा आला.

"अम्मी, हा माणूस मनकवडा आहे," मी म्हटलं.

त्याने आरशात पाहिलं. मीही पाहिलं. आणि दोघांनीही एकदमच रस्त्याकडे पाहिलं.

केपटाऊन एकाएकी फार लांब वाटायला लागलं.

शनिवारी सकाळी धुकं होतं. लिव्यात हिवाळ्यात असं धुकं पडतं, हे याच देशात जन्मून मला माहीत नव्हतं. वाळूच्या टेकड्या दिसेनाशा झाल्या होत्या. कॅरॅव्हॅनच्या छपरावरून टपटप पाणी गळत होतं. अब्बा आत झोपले होते. मी आणि अम्मी शाल पांघरून पायरीवर, आणि पाच हातांवर अर्सलान चाकाशी उकिडवा बसून टायरमधली हवा कमी करत होता. वाळूत शिरायच्या आधी ती सोडावी लागते, नाहीतर चाक रुततं.

"उद्या चारला फोन येईल," अम्मी म्हणाली. "काय सांगायचं?"

"हो सांग."

"तुझ्या मनात आहे?"

"मनात काही नाही गं. फहद वाईट नाही. पण अब्बांना गावी शांत झोप लागली पाहिजे. त्यांनी एवढं केलं आपल्यासाठी, मी एवढंसुद्धा नको करायला?" मग मला राहवलं नाही. "पण अम्मी, खरं सांगू? या दोन दिवसांत मला..."

"थांबा!"

मी दचकून पाहिलं. अर्सलान उभा राहिला होता, हात वाळूने माखलेले, चेहरा लाल.

"पुढचं बोलू नका," तो म्हणाला. "मना... मना सगलं कलतंय. मराठी. पहिल्या दिवसापासून."

धुक्यात नुसती टायरची हवा फुसफुसत राहिली.

"या अल्लाह," अम्मी म्हणाली, "बोंबील!"

मी तिथून उठले आणि धुक्यात चालत सुटले. आरसा. इस्त्री. डोळे फुकट गेलेत. मनकवडा. एकेक शब्द आठवत होता आणि कानाच्या पाळ्या तापत होत्या. मनकवडा कसला, कान उघडे ठेवून बसला होता, इतकंच! तो माझ्या मागे आला नाही. आला असता तर वाळू फेकून मारली असती.

दुपारी अम्मी माझ्याजवळ आली. हातात बशी, बशीत तळलेले बोंबील.

"त्यानेच तळले. बाहेर, त्याच्या चुलीवर," ती म्हणाली. "मुरुडचा आहे. अल ऐनमध्ये वाढला. अब्बांना एवढ्यात सांगू नकोस. परवा त्यांनी याच्या ड्रायव्हिंगबद्दल काय काय म्हटलंय... शरमेने अर्धे होतील."

"त्याने आपल्याला फसवलं, अम्मी."

"फसवलं खरं." तिने एक बोंबील मोडला. "पण मी तीस वर्षं तुझ्या अब्बांना मराठीत सांगतेय की नळ गळतोय. ऐकतात सगळे, सुमे. उठून करतो कोण?"

तिला मी सकाळचं वाक्य पुरं करून सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही. बशी माझ्या मांडीवर ठेवून ती गेली.

असरच्या नमाजानंतर मी टेकडीवर चढले. माथ्यावर पोचले तेव्हा अर्सलान आधीच तिथे होता. मला पाहून उठायला लागला.

"बसा," मी म्हटलं. "टेकडी काही मी बुक केलेली नाही."

तो बसला. मधे दोन माणसं मावतील एवढी जागा. वारा वाळूवरून हलकेच फिरत होता.

"राग गेला?"

"नाही. का नाही सांगितलंत?"

"पहिल्याच मिनिटाला तुम्ही आरशाचं बोललात. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही चार दिवस तोंड उघडलं नसतं." त्याने मूठभर वाळू उचलली. "आणि मना... मला ऐकायचं होतं. घरात कुणी असं बोललेलं ऐकून पाच वर्षं झाली."

त्याची मराठी ऐकून मला हसू फुटत होतं. एवढा दाढीवाला बाप्या आणि बोलणं माझ्या दादीसारखं. नानीकडून शिकलेली भाषा, म्हणाला, दुसरी येतच नाही. पाच वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांचा व्हिसा संपला आणि घर मुरुडला गेलं. आई, वडील, नानी, सगळे.

"एअरपोर्टवर सोडून आलो, फ्लॅटचं दार उघडलं, आणि आत आवाजच नाय. कुकर नाय, नानीचा रेडिओ नाय. मी एसी लावला, नुसता आवाज पाहिजे म्हणून." तो वाळूत बोटाने रेघ ओढत होता. "मग ही कॅरॅव्हॅन घेतली. लोकांची कुटुंबं घेऊन फिरतो. चार दिवस का होईना, मागे कुणीतरी भांडतं, हसतं."

 महिनाअखेरीस मीही अम्मी-अब्बांना एअरपोर्टवर सोडून तसंच दार उघडणार होते, नाहीतर केपटाऊनला जाणार होते. तिसरं काही मी धरूनच चालले नव्हते.

"मग आज सकाळी का सांगितलंत?" मी विचारलं. "आणखी दोन दिवस ऐकायचं की."

"आरशाचं, इस्त्रीचं ऐकायला मजा आली. पण सकाळचं... ते तुमच्या अम्मीसाठी होतं. चोरून ऐकण्यातलं नव्हतं."

त्या क्षणी तो मला आवडला. म्हणजे डोळे आवडतच होते, चहा आवडला होता. पण ज्या माणसाने ऐकायची संधी असून कान मिटले, त्याच्या घरी मी आयुष्यभर मोठ्याने बोलू शकेन, असं मला आतून वाटलं.

"तुम्ही माझं सगळं ऐकलंत," मी म्हटलं. "आता तुमचं सांगा. मराठीत, मोठ्याने."

"काय सांगू?"

"लाज वाटेल असं."

त्याने बराच विचार केला. "गुरुवारी शर्टाला दोनदा इस्त्री केली."

"का? तेव्हा तर मला पाहिलंही नव्हतंत."

"बुकिंगचा फोन तुम्हीच केला होता. कामावरून. इंग्रजीत माझ्याशी भाव करत होता आणि मधेच कुणाला तरी म्हणालात, 'साँस रोकिए... अब छोड़िए।'" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी इकडे रोखला होता."

मी इतकी हसले की वाळूत आडवी झाले. तोही हसला. उठून बसले तेव्हा मधली जागा एका माणसाची उरली होती. कुणी सरकलं, देव जाणे.

"सकाळी तुम्ही म्हणत होता," तो हळूच म्हणाला, "'या दोन दिवसांत मला...' पुढे काय होतं?"

"तुम्हीच थांबवलंत."

"हो. बरोबर आहे." आणि त्याने खरंच पुन्हा विचारलं नाही.

म्हणून मग मीच सांगितलं. "मला परत जावंसं वाटत नाहीये. असं होतं ते."

"वाळवंटामुळे?"

"नाही."

 तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "उद्या चारच्या आत सिग्नल मिळेल तिथे पोचवतो, असा शब्द दिलाय मी अब्बांना."

"आणि रस्ता चुकलात तर? टायर रुतला तर?" मी त्याच्याकडे पाहत म्हटलं. "वाळवंट आहे, काहीही होऊ शकतं."

"काही होणार नाय." तो उभा राहिला, कपडे झटकले. "वाट चुकवून पोरगी पळवली, असं मला कुणी म्हणायला नको, सुमैय्या. पोचवणार मी. पुढचं तू बोलायचंस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. आणि एवढं मोठं काम माझ्यावर टाकून उतरून गेला.

रविवारी त्याने शब्द पाळला. इतकी सुरेख गाडी चालवली की मला रडू येत होतं. एकदाही कुठे चाक अडकलं नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर होतो, फोनवर सगळ्या कांड्या भरलेल्या. अर्सलान उतरून टायरमध्ये पुन्हा हवा भरायला लागला. अब्बा कॅरॅव्हॅनमधल्या छोट्या टेबलाशी चष्मा लावून बसले, समोर फोन. अम्मी माझ्याकडे बघत होती.

 चौतीस वर्षं कमावून या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, तीही न मागता.

"अब्बा," मी म्हटलं, "मी फहदशी लग्न नाही करणार."

त्यांनी चष्मा काढला. "बेटा, आता? वीस मिनिटं राहिलीत!"

"आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही."

"दुसरं कुणी आहे?"

 मी खिडकीबाहेर पाहिलं. अब्बांनीही पाहिलं. बाहेर अर्सलान चाकापाशी वाकला होता.

"हा लेबनानी?"

"अब्बा... तो मुरुडचा आहे."

"मुरुड? आपलं मुरुड?" अब्बा उभेच राहिले, डोकं वरच्या कपाटाला आपटलं. "आणि चार दिवस मी याच्याशी उर्दूत कुस्ती खेळतोय?" मग एकदम त्यांना ड्रायव्हिंगबद्दलचं आठवलं असावं, कारण ते खाली बसले. चष्मा पुसत म्हणाले, "तीन दिवसांत माणूस कळतो, सुमैय्या?"

"फहद दोन व्हिडिओ कॉलमध्ये कळला होता ना?"

अम्मीने तोंडाला पदर लावला. मी अब्बांच्या शेजारी बसले, त्यांचा हात धरला. "मी तुमच्यासाठी हो म्हणणार होते. खरंच म्हणाले असते, आणि तुम्हाला तिथे बोर्लीत झोपही लागली असती. पण मला नसती लागली, अब्बा. आणि तुम्हाला ते कधी ना कधी कळलंच असतं."

 अब्बा माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले, फोन घेऊन पायरी उतरले आणि सरळ अर्सलानसमोर जाऊन उभे राहिले. मी दारात.

"कुठले?" त्यांनी विचारलं. "कुणाचे?"

अर्सलानच्या हातातून हवेची नळी सुटली आणि जमिनीवर सापासारखी वळवळायला लागली. ती धरायची की उत्तर द्यायचं, हेच त्याला कळेना. "मुरुडचे... चाचा, बाजारपेठेच्या मागे, नूरुद्दीन सारंगांचा नातू..."

"ती नळी बंद कर आधी."

त्याने बंद केली. तेवढ्यात फोन वाजला. केपटाऊन.

अब्बांनी फोन माझ्या हातात दिला. "नकार तू दे. मी हो म्हणायला बसलो होतो, माझी जीभ वळायची नाही."

मी एक शब्दही वळवून सांगितला नाही. फहदलाच फोनवर बोलावलं आणि म्हटलं, "माझं मन दुसरीकडे आहे, तुमच्याशी खोटं बोलायचं नाही." तो म्हणाला, "थँक यू फॉर टेलिंग मी स्ट्रेट." भला माणूस. त्याचं भलं होवो.

फोन ठेवला तेव्हा अब्बा अर्सलानसमोर तसेच उभे होते.

"मला विचारायचं होतं, चाचा..." अर्सलानने सुरुवात केली.

"तू नाही विचारायचं," अब्बा म्हणाले. "मुलगा स्वतः मागणी घालतो का आपल्यात? तुझ्या घरात शेवटचा शब्द कुणाचा?"

"नानीचा."

"लाव फोन."

मग त्या पेट्रोल पंपावर, ट्रक आणि पिकअपच्या गर्दीत, अब्बा आणि मुरुडच्या नानी दहा मिनिटं एकमेकांना ओरडून गावं, आडनावं आणि नाती विचारत राहिले. चौथ्या मिनिटाला नानींच्या चुलत वहिनीची बहीण आमच्या बोर्लीत दिलेली निघाली. अर्सलान स्टेपनीला टेकून उभा होता, कपाळावर घाम. मी त्याच्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता... म्हणजे पाहत होताच.

"ऐका, नानी," अब्बा शेवटी म्हणाले.  "महिनाअखेरीस मी कायमचा गावी येतोय. मला वाटलं होतं, रिकाम्या हातांनी परत जाणार. दुसऱ्याच दिवशी दिघीहून फेरीबोटीने तुमच्याकडे येतो. मुलीचा बाप म्हणून येतो. चहा ठेवा."

अम्मी पायरीवर बसून उघडपणे रडत होती. अर्सलान माझ्याजवळ आला, अगदी हळू म्हणाला, "मघाशी फोनवर काय म्हणालीस तू? मना नीट ऐकायला आलं नाय."

"खोटारडा," मी म्हटलं. "तुझ्यावर प्रेम बसलंय, असं म्हणाले."

त्यावर त्याला मराठीत काही सुचेना, उर्दूतही नाही. त्याने मान हलवली, हसला, आणि उरलेल्या टायरमध्ये हवा भरायला गेला.

परतीच्या वाटेवर अब्बा आपणहून मागे अम्मीजवळ जाऊन बसले. पुढची सीट त्यांनी माझ्यासाठी सोडली होती.